लाल कोठारातला खलनायक

१९३५ साली इंग्लंडमध्ये निघालेला ‘मारिया मार्टेन, ऑर द मर्डर इन द रेड बार्न’ हा बोलपट शेतात किंवा गावात सुरू होत नाही. तो रंगमंचावर सुरू होतो. निवेदक पुढे येतो आणि एकेका पात्राची प्रेक्षकांशी ओळख करून देतो. ही गरिबाघरची मुलगी, हे तिचे आईबाप, हा तिच्यावर जीव असलेला जिप्सी तरुण आणि हा गावचा जमीनदार विल्यम कॉर्डर. कथेला अजून सुरुवातही झालेली नसते, तरी कोण मरणार आणि कोण मारणार याचा निकाल तिथेच लागून गेलेला असतो.

“हा तर आपला सूत्रधार,” काका म्हणाले. “नांदी तेवढी राहिली.”

जुलैचा महिना होता. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात त्या आठवड्यात जो तो तासातासाला मोबाइलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी पाहत होता. पाऊस थांबत नव्हता आणि बाहेर पडण्यात अर्थ नव्हता. काका तासगावजवळच्या आमच्या मूळ गावाहून नवी कवळी बसवून घेण्यासाठी सांगलीला आले होते आणि पावसामुळे अडकून पडले होते. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. पण पंचक्रोशीत त्यांची खरी ओळख मास्तर म्हणून नाही, तर यात्रेच्या नाटकांतला खलपुरुष म्हणून आहे. तीस वर्षे त्यांनी सावकार, पाटील, कारभारी आणि भाऊबंद यांची सगळी काळी कामे केली. ड्रेपरी सांगलीहून येई, स्त्री-कलावंत कधी मिरजेच्या तर कधी कोल्हापूरच्या असत, नायक दरवर्षी नवा उभा राही. खलनायक मात्र ठरलेला असे. त्यामुळे हा जुना इंग्रजी चित्रपट संगणकावर लावताना, त्यांना इंग्रजी समजत नसले तरी फारसे बिघडणार नाही, असा माझा अंदाज होता. तो इतका खरा ठरेल असे मात्र वाटले नव्हते. पहिल्या दहा मिनिटांनंतर त्यांनी मला भाषांतर थांबवायला सांगितले.

आधी मूळ घटना सांगतो, कारण हा चित्रपट नाटकावरून घेतलेला असला तरी नाटक एका खऱ्या खुनावरून घेतलेले आहे. इंग्लंडच्या सफोक परगण्यात पोल्स्टेड नावाचे खेडे आहे. तिथल्या थॉमस मार्टेन या माणसाचा धंदा शेतातले चिचुंद्रीसारखे ‘मोल’ नावाचे प्राणी पकडण्याचा. त्याची मुलगी मारिया ही त्याच गावातल्या एका सुस्थितीतल्या शेतकऱ्याच्या मुलाच्या, विल्यम कॉर्डरच्या, प्रेमात पडली. दोघांना एक मूल झाले आणि ते गेले. १८ मे १८२७ रोजी, शुक्रवारी, दुपारच्या सुमारास कॉर्डर तिच्या घरी आला. गावचा शिपाई तुला अनौरस संततीच्या गुन्ह्याखाली धरणार आहे, तेव्हा पुरुषाचे कपडे घालून निघ, आपण लाल कोठारात भेटू आणि तिथून लग्न करायला जाऊ, असे त्याने तिला सांगितले. ती निघाली आणि त्यानंतर कोणालाही दिसली नाही. कॉर्डरची पत्रे मात्र येत राहिली. आम्ही लग्न केले आहे, आइल ऑफ वाइट बेटावर राहतो, मारियाच्या हाताला इजा झाली आहे म्हणून ती स्वतः लिहू शकत नाही, अशी एकेक सबब त्यांत असे.

पुढचा भाग कोणी नाटकात लिहिला असता तर समीक्षकांनी त्याला अविश्वसनीय म्हणून मोडीत काढले असते. मारियाच्या सावत्र आईला स्वप्ने पडू लागली की मुलीला मारून लाल कोठारात पुरले आहे. तिने नवऱ्याच्या मागे टुमणे लावले. शेवटी १९ एप्रिल १८२८ रोजी थॉमस मार्टेन कोठारात गेला आणि त्याच्या धंद्याचे जे हत्यार होते, जमिनीत खुपसून बिळाचा माग काढण्याची लोखंडी टोकाची काठी, तिने त्याने जमीन चाचपली. एका जागी माती भुसभुशीत लागली. जन्मभर ज्या हाताने बिळे शोधली त्याच हाताने त्याला आपली मुलगी सापडली. तिच्या गळ्याशी कॉर्डरचा हिरवा रुमाल होता.

ऑगस्ट १८२८ मध्ये बरी सेंट एडमंड्स या गावी दोन दिवस खटला चालला आणि ११ ऑगस्टला हजारोंच्या गर्दीसमोर कॉर्डरला फाशी देण्यात आले. त्याच्या देहाचे विच्छेदन झाले, आणि त्याचे कातडे कमावून खटल्याच्या हकिकतीच्या एका पुस्तकाला बांधणी घालण्यात आली; ते पुस्तक आजही तिथल्या मॉइझेस हॉल संग्रहालयात आहे. मारियाच्या थडग्याच्या दगडाचे टवके लोकांनी आठवण म्हणून काढून नेले, इतके की दगडच उरला नाही. कोठाराच्या फळ्यांचीही तीच गत झाली आणि १८४२ मध्ये उरलेले कोठार जळून गेले.

खटला उभा राहण्याआधीच या खुनावरची नाटके आणि बाहुल्यांचे खेळ सुरू झाले होते. खुनाच्या जागेजवळ एका धर्मोपदेशकाने जमावासमोर प्रवचनही दिले. कॉर्डरच्या बाजूने न्यायालयात तक्रार झाली ती याचीच, की निकाल लागण्यापूर्वी गावोगाव मला खुनी म्हणून नाचवले जात आहे. तक्रार खोटी नव्हती. आपल्याकडे एखादी खळबळजनक घटना घडली की आठवड्याभरात तिचा पोवाडा जत्रेत विकायला येत असे, तसे तिकडे एका पानाचे छापील कागद विकले जात. या खुनाच्या कागदांचा खप दहा लाखांवर गेला असे सांगितले जाते. कॉर्डर, मारिया आणि ते कोठार यांच्या चिनी मातीच्या मूर्ती लोकांनी दिवाणखान्यात मांडल्या. या सगळ्यांतून एक नाटक तयार झाले. एका लेखकाचे नव्हे, तर कंपनीगणिक आणि गावागणिक बदलत गेलेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते इंग्लंडच्या गावागावांत होत राहिले. सिनेमा आल्यावर मूकपटांनीही ते अनेकदा उचलले, आणि १९३५ चा हा चित्रपट म्हणजे या कथेला पहिल्यांदा मिळालेला आवाज.

असल्या नाटकांना मेलोड्रामा म्हणतात. मराठीत आपण हा शब्द शिवीसारखा वापरतो. ‘फार मेलोड्रॅमॅटिक झाले’ म्हटले की राज्य नाट्य स्पर्धेतल्या दिग्दर्शकाचा चेहरा पडतो. पण शब्दाची फोड केली तर गंमत वाटते. ‘मेलोस’ म्हणजे ग्रीक भाषेत सूर, गाणे. मेलोड्रामा म्हणजे सरळसरळ संगीत नाटक. हे नाव नुसत्या हौसेने पडलेले नाही. १७३७ च्या कायद्यानुसार लंडनमध्ये शुद्ध गद्य संवादांचे नाटक करण्याचा परवाना प्रामुख्याने ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोन राजमान्य थिएटरांनाच होता. बाकीच्यांनी यातून पळवाट काढली. संवादांखाली वाद्ये वाजवली, मध्ये गाणी घातली आणि हे नाटक नाही, संगीताचा कार्यक्रम आहे, असे दाखवून खेळ केले. खलनायक आला की वाद्यांनी खर्जात थरथरायचे, नायिका आली की बासरीने पुढे व्हायचे, हा संकेत कायद्याला चुकवता चुकवता रूढ झाला. राजमान्य थिएटरांची ही मक्तेदारी उठली ती १८४३ च्या कायद्याने.

१८४३ हे साल सांगलीकराला कोणी सांगावे लागत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ इथे सादर केले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, आणि तो लावण्याचा मोह मी आवरतो. मात्र त्या नाटकाची घडण आठवून पाहावी. पदे सूत्रधाराने म्हणायची, पात्रांनी त्याला धरून आयत्या वेळी भाषणे करायची. देवांची फळी वेगळी, राक्षसांची वेगळी. राक्षस येणार असला की मशालीवर राळ उधळून भडका करायचा, मृदंगाने तुटून पडायचे आणि राक्षसाने ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकून रंगमंच दणाणून सोडायचा. पुढच्या पिढीतल्या शिकलेल्या लोकांनी या नाटकांना तागडथोम आणि अललडुर्र म्हणून हिणवले, नेमके तसेच इंग्रज समीक्षकांनी मेलोड्रामाला हिणवले. दोन्हीकडे प्रेक्षक काय होणार हे पाहायला येत नसत. ते त्यांना पाठच असे. ते पाहायला येत ते राक्षस कसा येतो ते.

आता चित्रपटाकडे वळतो. तो निघाला यामागे कलेपेक्षा कायद्याचा हात मोठा होता. अमेरिकन चित्रपटांनी इंग्लंडची चित्रपटगृहे व्यापून टाकल्यामुळे १९२७ मध्ये तिथे एक कायदा झाला. त्यानुसार वितरकांनी जे चित्रपट आणायचे त्यांत ठरावीक वाटा ब्रिटिश चित्रपटांचा असणे सक्तीचे झाले. सुरुवातीला तो साडेसात टक्के होता, आणि पुढे वाढत वीस टक्क्यांवर गेला. अमेरिकन कंपन्यांनी तो आकडा भरून काढण्यासाठी स्वस्तातले, झटपट ब्रिटिश चित्रपट करून घेतले. त्यांचा दर फिल्मच्या फुटाला सुमारे एक पौंड असा सांगितला जाई. ‘मारिया मार्टेन’चा निर्माता जॉर्ज किंग हा या झटपट चित्रपटांच्या धंद्यातला मुरलेला माणूस. दिग्दर्शक मिल्टन रोझमर, चित्रीकरण शेपर्टनच्या स्टुडिओत, वितरक एमजीएम ही अमेरिकन कंपनी. अशा हिशेबात जुन्या नाटकासारखी सोय दुसरी नाही: कथेचे पैसे द्यायचे नाहीत, जाहिरातीची गरज थोडी, आणि मुख्य नटाला भूमिका आधीच तोंडपाठ.

हे मी काकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे अनुदानाचा सिनेमा म्हण की!” उपमा अगदीच चुकीची नाही, फक्त इथे पैसे सरकारचे नव्हते, सक्ती तेवढी सरकारची होती.

तो मुख्य नट म्हणजे टॉड स्लॉटर. स्लॉटर म्हणजे कत्तल; आडनाव खरे होते, पडद्यासाठी घेतलेले नव्हते. जन्म १८८५ चा, न्यूकॅसलचा. उमेदीच्या काळात त्याने नायकाची कामे केली. १९२० च्या दशकात त्याने दक्षिण लंडनमधले एलिफंट अँड कॅसल थिएटर चालवायला घेतले आणि तिथे जुने मेलोड्रामा पुन्हा उभे केले. त्यांना गर्दी लोटली. त्यातले काही प्रेक्षक मनापासून घाबरायला येत, तर काही शहाणे लोक हसायला; स्लॉटरने दोघांनाही तिकीट विकले. ‘मारिया मार्टेन’ हा त्याचा पहिला चित्रपट, आणि त्या वेळी त्याचे वय पन्नाशीला टेकले होते. इथेच पहिली मोठी फारकत होते, कारण खरा कॉर्डर खुनाच्या वेळी तेवीस वर्षांचा होता, मारियाहून वयाने लहान. पडद्यावरचा कॉर्डर मात्र पोक्त, भरल्या अंगाचा, हातावर हात चोळत फिरणारा जमीनदार आहे.

त्याच्या कामाबद्दल मी आजवर जे वाचले त्यात एक तर कौतुकाने ‘इतके वाईट की मस्त’ असा सूर असतो, नाही तर नाक मुरडलेले असते. काकांचे निरीक्षण मला या दोन्हींहून उपयोगी वाटले. कॉर्डर एका प्रसंगात मारियाला गोड बोलून दाराबाहेर पोहोचवतो, वळतो आणि त्याचा चेहरा बदलतो. काकांनी मला तिथे चित्रपट थांबवायला लावला आणि पुन्हा मागे नेऊन दाखवायला सांगितले.

“बघ. वाक्य संपलंय त्याचं. तरी थांबलाय. कशाला थांबलाय?”

मला काही सुचेना.

“शिव्या यायच्यात अजून,” काका म्हणाले. “पब्लिकच्या शिव्या. त्या संपल्याबिगर पुढचं वाक्य टाकायचं नसतंय, नाही तर वाया जातंय.”

मग मी उरलेला चित्रपट त्याच नजरेने पाहिला, आणि ती मोकळी जागा मला सगळीकडे दिसू लागली. प्रत्येक दुष्ट वाक्यानंतर, प्रत्येक हास्यानंतर, डोळे बारीक करून समोर पाहताना स्लॉटर क्षणभर थांबतो. हजारो प्रयोगांत त्या जागी प्रेक्षकांतून हिस्स असा आवाज उठत असेल, गॅलरीतून एखादे शेलके विशेषण येत असेल. कॅमेऱ्यासमोर ते काहीच नाही. प्रेक्षक गेले आणि त्यांच्यासाठी राखलेली जागा मात्र चित्रपटात तशीच राहिली, घरातला माणूस गेल्यावर त्याचा पाट पानाशी मांडलेला राहावा तशी. याला वाईट अभिनय म्हणणे मला जमत नाही. हा एका संपलेल्या संवादाचा अर्धा भाग आहे, आणि दुसरा अर्धा आपल्याकडे होता.

काकांचे स्वतःचे तंत्रही त्या संध्याकाळी पहिल्यांदाच माझ्या ध्यानात आले. त्यांच्या तरुणपणी यात्रेतल्या नाटकाला गॅसबत्त्या असत आणि माइक असला तर एखादाच, तोही मध्यभागी टांगलेला. खलनायकाचे स्वगत म्हणजे मनातले कपट. पण ते देवळाच्या कट्ट्यावर बसलेल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जायला हवे, आणि शेजारी उभ्या नायकाला मात्र ऐकू जाता कामा नये. त्यामुळे कुजबुज करायची ती ओरडून. हे कसे करायचे ते त्यांनी मला दाखवले. श्वास बाहेर टाकत, शब्दातली व्यंजने दातांवर आपटत, आवाज न चढवता. कवळी नवी असल्यामुळे ‘श’ आणि ‘स’ दोन्ही शिट्टीसारखे निघत होते आणि त्याने ते स्वतःच वैतागले. स्लॉटर नेमका असाच कुजबुजतो, आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र हातभर अंतरावर असताना तसे कुजबुजण्याची काहीही गरज नव्हती. गरज संपली, सवय राहिली, आणि त्या सवयीमुळेच आपल्याला आज गेल्या शतकाआधीचा खलनायक जिवंत ऐकायला मिळतो. तो मुद्दाम जपून ठेवावा असे कोणालाही वाटले नव्हते, हे विशेष.

याच सुमाराला इंग्लंडमध्ये दुसरी वाटही चोखाळली जात होती. हिचकॉकचा ‘ब्लॅकमेल’ १९२९ चा, म्हणजे आमच्या आयर्विन पुलाच्या वयाचा. तोही चार्ल्स बेनेट यांच्या नाटकावरूनच घेतलेला. पण तिथे नाटक विसरायला लावण्याची सारी धडपड आहे. जिच्या हातून खून झाला त्या मुलीला न्याहारीच्या वेळी शेजारणीच्या बडबडीतून फक्त ‘सुरी’ हा एक शब्द ऐकू येत राहतो, ही करामत रंगमंचावर शक्यच नाही. शहाण्या लोकांच्या यादीत ‘ब्लॅकमेल’ असतो आणि ‘मारिया मार्टेन’ नसतो, हे योग्यच आहे. तरीही मारियाच्या आईचे काम करणारी क्लेअर ग्रीट ही हिचकॉकच्या अनेक चित्रपटांत दिसलेली नटी इथे पाहताना मला वाटले की ही दोन जगे एकमेकांना वाटतात तितकी परकी नव्हती. नट तेच होते, स्टुडिओ शेजारचे होते. नाटकाचे ऋण एकाने उघड मांडले, दुसऱ्याने झाकले, एवढाच फरक.

माझा खरा आक्षेप चित्रपटाच्या भडकपणावर नाही. तो आहे मारियावर, म्हणजे नाटकाने मारियाचे जे केले त्यावर.

खरी मारिया मरताना पंचविशीची होती. कॉर्डरच्या आधी तिला दोन मुले झाली होती. त्यातले पहिले कॉर्डरच्याच थोरल्या भावापासूनचे, आणि ते जगले नाही. दुसरे गावाशी संबंध असलेल्या एका संभावित गृहस्थापासूनचे. तो तिच्याशी लग्न करायला तयार झाला नाही, पण मुलाच्या पोटगीचे पैसे पाठवत असे. म्हणजे ती जग पाहिलेली, फसवली गेलेली, तरीही पुन्हा एकदा डाव मांडून पाहणारी बाई होती. सोफी स्ट्युअर्टने साकारलेली पडद्यावरची मारिया यातले काही जाणत नाही. ती गावच्या नाचात पहिल्यांदा जमीनदाराच्या नजरेत भरते, भुलते, फसते, आणि बापाच्या दारातून बाहेर काढली जाते. तिच्यासाठी झुरणारा एक उमदा जिप्सी तरुण, कार्लोस, शेजारी उभा केला आहे. एरिक पोर्टमनने तो छान केला आहे. खऱ्या हकिकतीत असा कोणी प्रियकर नाही. तिथे आहे तो म्हातारा बाप आणि लंडनचा एक पोलीस अधिकारी, जेम्स ली. दुपारच्या उजेडातला खून पडद्यावर अंधारात, कंदिलाच्या सावल्यांत नेला आहे.

हे बदल नाटकाच्या सोयीसाठी झाले, हे मला कळते. अंधारात खून शोभून दिसतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण मारियाची दोन मुले पुसून टाकल्याशिवाय तिच्यासाठी रडता येणार नाही, असे तो प्रेक्षकवर्ग, त्याच्या आधीचा प्रेक्षकवर्ग आणि कंपनीचे मालक यांना एकमताने वाटले, ही गोष्ट मला खलनायकाच्या हास्याहून जास्त बोचली. मेलेल्या बाईने आधी निष्कलंक असल्याचा दाखला आणावा, मग आम्ही हुंदका देऊ. शंभर वर्षे ज्या कथेवर लोक रडले ती तिची कथा नव्हतीच.

काकांना मी हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी एका नाटकाची गोष्ट सांगितली, ज्यात सावकाराने नासवलेली पोर शेवटी विहिरीत उडी घेते. एका वर्षी लेखकानेच शेवट बदलून तिला जिवंत ठेवले. नाटक झाल्यावर पंच मंडळी म्हणाली, पोरगी वाचली ते बरे झाले, पण मग आता तिच्याशी लग्न कोण करणार ते दाखवायला पाहिजे होते. पुढच्या वर्षी ती पुन्हा विहिरीत गेली.

कॉर्डरबद्दल तर याहून नवल आहे. चित्रपटातला कॉर्डर जुगारात पैसे घालवून श्रीमंत स्थळाच्या मागे लागलेला असतो. खऱ्या कॉर्डरने लंडनला जाऊन वर्तमानपत्रांत ‘वधू पाहिजे’ अशी जाहिरात दिली, आलेल्या उत्तरांतून एका बाईशी लग्न केले आणि तिच्याबरोबर ब्रेंटफर्ड इथे मुलींची निवासी शाळा काढली. पोलीस अधिकारी ली तिथे त्याला पकडायला गेला तेव्हा तो अंगात झगा घालून, घरातल्या स्त्रियांच्या समवेत न्याहारीच्या टेबलाशी बसला होता. समोर घड्याळ ठेवले होते. अंडी उकडायला टाकलेली होती आणि तो त्यांची मिनिटे मोजत होता.

ही अंडी मला त्या पुराच्या आठवड्यात डोक्यातून काढता आली नाहीत. आधी कातडीबांधणीचे पुस्तक, सावत्र आईची स्वप्ने, फाशी पाहायला जमलेली गर्दी, हे सगळे भयंकर वाटले होते. पण अंडे फार कडक होऊ नये म्हणून काळजीपूर्वक घड्याळ पाहणारा चोवीस वर्षांचा शाळाचालक, आणि त्याच्या मागे अकरा महिने कोठारात पुरलेली मारिया, हे चित्र मेलोड्रामाला पेलणारे नाही. मेलोड्रामात दुष्ट माणूस प्रवेश करताच ओळखू यावा लागतो. त्याच्यासाठी राळ उडते, मृदंग वाजतो. घड्याळ पाहून अंडी उकडणाऱ्याला कोणता ताल द्यायचा?

आपल्याकडे खऱ्या खुनाचे नाटक झाले त्याचे ठळक उदाहरण म्हणजे सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९०९ चे ‘भाऊबंदकी’. नारायणराव पेशव्यांचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेला वध, ‘ध’चा ‘मा’ची आख्यायिका आणि देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री. तिथेही इतिहासातल्या गुंतागुंतीतून आनंदीबाई अशी काही उभी राहिली की आजही सामान्य माणसाच्या मनात तीच आहे, दफ्तरातली नव्हे. खाडिलकरांना खलपुरुषाची ताकद पुरेपूर ठाऊक होती; ‘कीचकवधा’तला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नाही, आणि सरकारलाही ते कळले, म्हणूनच १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली. ज्या मोकळ्या जागेबद्दल काका बोलत होते तिच्यात तेव्हा प्रेक्षक नुसता कीचकाला शिव्या देत नव्हता.

पण अंड्यांच्या जवळ जाणारा नाटककार आमच्याकडे दुसराच आहे, आणि तो घरापासून तासभर चालत जाण्याच्या अंतरावरचा. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. १८९९ च्या ‘शारदे’त त्यांनी राक्षस ठेवलाच नाही. मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्याचे पाप तिथे वाटून दिलेले आहे. थोडे कांचनभटाच्या हावरेपणात, थोडे भद्रेश्वर दीक्षिताच्या दलालीत, थोडे भुजंगनाथाच्या कलप लावलेल्या हौसेत. ही माणसे जेवतात, हिशेब करतात, विनोदही करतात. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता शरमतो. नाटक संगीत आहे, म्हणजे शब्दशः मेलोड्रामाच, पण दुष्टाच्या प्रवेशाला कोणती वाद्ये वाजवायची हा प्रश्न देवलांनी येऊच दिला नाही. पोल्स्टेडची कथा त्यांच्या हाती लागली असती तर मारियाची मुले पुसली गेली नसती, असे मला वाटते. अर्थात यात गाववाल्याचा अभिमान किती आणि विचार किती, हे वाचकांनी ठरवावे.

चित्रपट तासाभराहून थोडाच मोठा आहे; आम्हाला मात्र तो पाहायला पूर्ण संध्याकाळ लागली. स्लॉटरची पुढची हकिकतही मी काकांना सांगितली. त्याने ‘स्वीनी टॉड’, ‘द टिकिट ऑफ लीव्ह मॅन’, ‘द फेस अॅट द विंडो’ असे आणखी बरेच चित्रपट केले, पण नाटक सोडले नाही. चित्रपटांचे दिवस सरले, युद्ध झाले, प्रेक्षकांची आवड बदलली आणि मोठी थिएटरे मिळेनाशी झाली. तरी तो गावोगाव तेच जुने मेलोड्रामा करत फिरला. फेब्रुवारी १९५६ मध्ये डर्बी इथे त्याचा मृत्यू झाला. वय सत्तर. त्या आधी त्याने जो शेवटचा प्रयोग केला तो ‘मारिया मार्टेन’चा होता, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ तो तोच खून करत होता.

“आणि फासावरही जात होता,” काका म्हणाले. “ते मोजत नाही कुणी.”

पाणीपातळी आणखी फुटाने वाढल्याचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा घरात भांडी, गाद्या वर चढवायच्या का याची चर्चा सुरू झाली. काका उठले, पण माळ्याकडे न जाता स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, पडदा एका हाताने धरला आणि मला सुरुवातीचा तेवढा प्रवेश पुन्हा लावायला सांगितले, तो निवेदक ओळख करून देतो तो. कॉर्डरचे नाव आले तसे ते पडद्यातून बाहेर आले, दोन पावले टाकून थांबले, डोळे बारीक केले आणि काही न बोलता आमच्याकडे पाहत राहिले. आत माझी आई गाद्यांच्या वळकट्या बांधत होती. तिने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, “भावोजी, मेलं ते नाटक राहू दे, आधी ही दोरी धरा.”

काका तेवढ्यासाठीच थांबले होते. मग पुढे येऊन त्यांनी दोरी धरली.